पाहुण्यांचं ऊन

मंगळवारी सकाळी थेयरचा फोन आला तेव्हा मार्लिस ओस्ट्राइख उभ्या उभ्या कॉफी पीत होती. फोन ठेवला तेव्हा ती कॉफी टेबलभर पसरली होती. सांडली की आपटली, हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

मार्लिस डनमोर स्टेट विद्यापीठाची क्रीडाप्रमुख. आधी कितीतरी वर्षं तिने मुलींना व्हॉलीबॉल शिकवलेलं, त्यामुळे गाव अजून तिला कोचच म्हणायचं. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांची जुनी लीग फुटली. मोठ्या शहरांतली कॉलेजं टीव्हीच्या पैशामागे एकेक करून दुसऱ्या लीगमध्ये निघून गेली, आणि मागे उरली डनमोर, बिक्सबी आणि नकाशात चष्मा लावून शोधावी लागतील अशी आणखी दोन-तीन. लीग नाही म्हणजे पुढच्या वर्षी सामने नाहीत, आणि सामने नाहीत म्हणजे अमेरिकन फुटबॉलला कुलूप. बिक्सबीने तर तसं जाहीरही करून टाकलं होतं. डनमोरला आता एकच दार उघडं होतं, ते म्हणजे थेयर जिचा प्रमुख होता ती कॉपर लेक लीग. तिथे एक जागा होती आणि सोमवारी तिथल्या विद्यापीठांचे अध्यक्ष मत देणार होते.

"तुमचं गाव मला फार आवडतं हो," थेयर म्हणाला होता. गावात एकदाही पाऊल न टाकता! "पण नवीन कॉलेज घ्यायचं तर त्याने आमच्यात काही भर घालायला हवी ना? तुमचे सामने टीव्हीवर कुणी बघत नाही. बरं, नाही बघत तर नाही, पण मैदानावर तरी? मी रेकॉर्डिंग मागवून पाहिलं. समोरचा स्टँड रिकामा! कोपऱ्यात मूठभर माणसं, तीही दुसऱ्या संघाचे रंग घातलेली. आणि तुम्ही अर्जात लिहिता, गावकऱ्यांची सगळी तिकिटं विकली जातात. मार्लिस, असं लिहू नये."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं मी म्हटलेलं नाही."

तसंच म्हटलं होतं त्याने. मार्लिसने कॉफी पुसली, दार लावलं आणि मागच्या महिन्यातल्या सामन्याचं रेकॉर्डिंग संगणकावर लावलं. इतक्या वर्षांत आपल्या मैदानावरचा एकही सामना तिने टीव्हीवर पाहिला नव्हता. बघणार कशी? ती मैदानावर असायची. अख्खं गाव मैदानावर असायचं. शनिवारी दुपारी डनमोरमध्ये घरी बसून टीव्ही बघणारा माणूस म्हणजे एक तर आजारी, नाही तर कुणाशी तरी भांडलेला.

पडद्यावर मैदान दिसलं, हिरवे जर्सीवाले आपले दिसले, आणि त्यांच्यामागे चकचकीत, लांबलचक, रिकामे बाक. अगदी रिकामे.

"हात्तिच्या!" मार्लिस ओरडली. "आपण तर कॅमेऱ्याच्या बुडाखाली बसलोय!"

खरंच तसं होतं. कॅमेरे पश्चिमेच्या स्टँडच्या छपरावर, कारण दुपारचं ऊन पाठीवर घेतलं की चित्र चांगलं येतं. तिथून दिसतो तो पूर्वेचा स्टँड. आणि पूर्वेचा स्टँड पाहुण्यांचा. डनमोरची नोव्हेंबरातली थंडी म्हणजे नाक हातात येईल अशी, आणि दुपारभर ऊन पडतं ते फक्त पूर्वेला. ज्यांनी हे मैदान बांधलं त्यांनीच ठरवून टाकलं होतं, की माणसं इतक्या लांबून गाड्या हाकत येतात तर ऊन त्यांना द्यायचं, आपण सावलीत कुडकुडायचं. पाहुणे कितीही कमी येवोत, तो स्टँड त्यांचाच. गावकऱ्याने तिथे जायचं ते फक्त सूपचं पातेलं घेऊन, आणि वाढून झालं की परत फिरायचं. शिकून बाहेरगावी गेलेली मुलं टीव्हीवर बघत असतील, पण त्यांनाही रिकामे बाक पाहून काही वाटत नसणार. पाहुण्यांची जागा, पाहुणे थोडे आले, झालं.

तिने थेयरला उलट फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तुमचे सगळे प्रेक्षक," थेयर सावकाश म्हणाला, "नेमके कॅमेऱ्याला दिसत नाहीत तिथे बसतात?"

"हो!"

"बरं."

त्या 'बरं'ने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "शनिवारी आमचा शेवटचा सामना आहे, बिक्सबीशी. तो बघा. तुम्ही आणि तुमचे सगळे अध्यक्ष. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"बघू."

"बघू नाही, बघा!" म्हणून तिने फोन ठेवला.

आता प्रश्न सोपा होता. शनिवारी गावाला पूर्वेला बसवायचं, पाहुण्यांना पश्चिमेला. एका दिवसाची तर गोष्ट! मार्लिस थेट कॅफेत गेली. तिथे ऑर्व्हिल चेटर रोजच्या खुर्चीत बसून अंडी खात होता. ऑर्व्हिल समर्थक मंडळाचा अध्यक्ष. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दोन्ही नवे, मतं सगळी जुनी. तिने बसायच्या आतच बोलायला सुरुवात केली आणि तो तिचं संपेपर्यंत निवांत खात राहिला.

"नाही," तो म्हणाला.

"ऑर्व्हिल, तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हणाले? फुटबॉल बंद होईल!"

"ऐकलं. कान शाबूत आहेत माझे. पाहुण्याला सावलीत बसवून स्वतः उन्हात बसायचं? आणि कुठल्या पाहुण्याला, तर बिक्सबीला? त्यांचा हा शेवटचा सामना आहे कोच. शेवटचा! पोरं पुन्हा कधी खेळणार नाहीत, आणि त्यांच्या आयाबापांना मी थंडीत ढकलू?"

"मग निदान त्यांच्या शेजारी तरी बसू. सगळा स्टँड रिकामाच असतो!"

"रिकामा असला म्हणून काय झालं? पाहुणा कमी जेवला म्हणून त्याच्या पानात हात घालतेस का तू?"

"तुमच्या या मोठेपणापायी गावाचा खेळ बुडेल!"

"बुडू दे," ऑर्व्हिल म्हणाला, पण त्याचा काटा ताटलीवर वाजला. तो खिडकीबाहेर मैदानाच्या दिशेला बघू लागला. या मैदानावर त्याचा बाप खेळला, तो खेळला, त्याची दोन्ही मुलं खेळली. "त्यांनी बोलावलं तर गोष्ट वेगळी," तो शेवटी पुटपुटला. "शनिवारपुरती ती जागा त्यांची. मालकाने ये म्हटलं तर जायला हरकत नाही. पण त्यांच्या तोंडून यायला हवं, आणि सगळ्यांसमोर. तू चोरून मागून घेतलंस असं नाही चालायचं."

ज्यांचा संघ मरतोय त्यांच्याकडे आपला जगवण्यासाठी मदत मागायची. मार्लिस गाडीत बसून राहिली. तिने नंबर लावला, तोडला, पुन्हा लावला.

बिक्सबीचा क्रीडाप्रमुख डेझमंड फेअरली आणि ती, दोघांनी एकमेकांना इतकी वर्षं शिव्या घातल्या होत्या की आता ती मैत्रीच म्हणायची.

"बोल ग कोच," तो म्हणाला. "सांत्वनाला फोन केला असशील तर ठेव. सकाळपासून ढिगाने आलेत."

"सांत्वन नाही. मला काहीतरी मागायचंय, आणि मागायची लाज वाटतेय."

"तुला लाज? थांब, तारीख लिहून ठेवतो."

तिने सांगितलं. काही झाकून ठेवलं नाही. सांगून होताच मार्लिसला वाटलं, आपण फार मोठी चूक केली.

"मार्लिस, खरं सांगू?" डेझमंडचा आवाज बदलला होता. "आमच्याकडून फक्त पोरांचे आईबाप येणारेत. बाकी लोकांना बघवत नाही म्हणतात. त्या एवढ्या मोठ्या स्टँडमध्ये आम्ही एवढीशी माणसं, आणि समोर आमची पोरं शेवटचं खेळतायत. त्या विचाराने मला चार दिवस झोप नाही. तुम्ही या. सगळे या. मी स्वतः बोलावतो."

"सगळे येतो," मार्लिस म्हणाली.

"आणि सूप आणा," तो म्हणाला. "पिठाचे गोळे घातलेलं. नाही तर आमंत्रण रद्द."

शनिवारी आभाळ निरभ्र आणि थंडी कडाक्याची. गाव नेहमीसारखं पश्चिमेच्या सावलीत येऊन बसलं, घोंगड्या गुंडाळून, नाकं लाल करून. पूर्वेला उन्हात बिक्सबीचे लोक, किरमिजी टोप्या घातलेले, मधोमध एका झुबक्यात. वर टीव्हीवाले आपली यंत्रं जोडत होते. नाणं उडवून झालं, आणि इतक्यात ध्वनिक्षेपक खरखरला.

"मी बिक्सबीचा डेझमंड फेअरली. तुमच्याकडे आम्ही आयुष्यभर येतोय. तुम्ही आम्हाला हरवलंत, क्वचित आम्ही तुम्हाला. पण दर वेळी ऊन आम्हाला दिलंत. आज आमचा शेवटचा सामना आहे. आज आम्हाला एकटं बसायचं नाही. डनमोरकरांनो, या बाजूला या. जागा आमची आहे आणि आम्ही बोलावतोय."

कठड्याशी उभ्या मार्लिसने पश्चिमेकडे पाहिलं. पश्चिमेच्या पहिल्या रांगेत ऑर्व्हिल चेटर दोन्ही नव्या गुडघ्यांवर हात टेकून उठला. त्याने घोंगडी खांद्यावर टाकली आणि मागे वळून ओरडला, "ऐकू आलं ना? मालकांनी बोलावलंय! पातेली उचला!"

आणि गाव उठलं. रांगा रिकाम्या होत गेल्या. म्हाताऱ्या, पोरंटोरं, शेतकरी, प्राध्यापक, बँडवाले आपापले भोंगे घेऊन, गोलपोस्टामागून वळसा घालत सगळे निघाले. सूपची पातेली दोघादोघांनी धरलेली. पंच घड्याळ दाखवून हातवारे करायला लागला, पण त्याच्याकडे बघतो कोण! वर टीव्हीचा निवेदक म्हणत होता, "हे काय चाललंय? ही एवढी माणसं आली कुठून?" पूर्वेचे चकचकीत बाक खालून वर भरत गेले, आणि किरमिजी झुबक्याभोवती सगळं हिरवं झालं.

ऑर्व्हिल बिक्सबीच्या एका आईशेजारी बसला. दोन मिनिटांनी त्याने टोपी काढली, मग मफलर, मग कोटाची बटणं.

"अरेच्चा!" तो म्हणाला. "इथे तर मस्त ऊब आहे! इतकी वर्षं हे लोक अशी मजा मारत होते होय!"

आजूबाजूची दहा माणसं हसली. ती आईही हसली, पहिल्यांदाच त्या दिवशी.

सामना असा झाला की बघणाऱ्याने नखं खावीत. गमवायला काही नसलेली बिक्सबीची पोरं जिवावर उदार होऊन खेळली आणि शेवटच्या मिनिटापर्यंत पुढे होती. मग डनमोरच्या पोराने पूर्वेच्या कडेला, अगदी स्टँडच्या पुढ्यात, पडता पडता चेंडू छातीशी धरला आणि रेषेपलीकडे कोसळला. टचडाउन! असा आरडाओरडा झाला, की म्हणतात टीव्हीवाल्यांना आवाज कमी करावा लागला. मार्लिसने शेजारच्या डेझमंडला मिठी मारली आणि मग जीभ चावली.

"चालू दे," तो म्हणाला. "आजच्या दिवस माफ."

पण खरं पाहण्यासारखं पुढे होतं. सामना संपला. बिक्सबीची पोरं मैदानाच्या मध्यावर गोल करून बसली आणि उठेचनात. एकेकाने शिरस्त्राण काढलं. कुणी गवत उपटून खिशात घातलं. जिंकलेलं गाव अशा वेळी नाचत घरी जातं, पण पूर्वेच्या स्टँडमधून एक माणूस हलला नाही. ऑर्व्हिल उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. मग सगळेच उभे राहिले. बिक्सबीच्या प्रत्येक पोरासाठी टाळ्या, नावानिशी, कारण नावं त्यांच्या आया सांगत होत्या आणि गाव ओरडत होतं. शेवटचं पोर बोगद्यातून आत जाईपर्यंत हे चाललं. टीव्हीची ठरलेली वेळ केव्हाच उलटून गेली होती, पण कॅमेरे कुणी बंद केले नाहीत. मार्लिस रडत होती आणि तिला त्याची पर्वा नव्हती.

सोमवारी दुपारी थेयरचा फोन आला. या वेळी ती बसली होती, आणि कॉफी हातापासून लांब ठेवली होती.

"पहिल्यांदा मला माफी मागू द्या," तो म्हणाला. "तुमचं 'गावकऱ्यांची सगळी तिकिटं विकली जातात' हे खरं होतं."

"ठीक आहे. पुढे?"

"आमच्या अध्यक्षांनी सामना पाहिला. सगळ्यांनी, शेवटपर्यंत. टीव्हीचे आकडे घेऊन मी बैठकीला गेलो होतो, ते मला उघडूही दिले नाहीत. एक बाई म्हणाल्या, हे लोक हरलेल्या पाहुण्यांशी असे वागतात, तर आमच्याकडे सामन्याला आले की किती रंग भरतील? मला माझ्या मैदानावर हे लोक हवेत." तो थांबला. "एकमताने, मार्लिस. पुढच्या वर्षीपासून तुम्ही आमचे."

तिने फोन ठेवला आणि खिडकी उघडून, वर्षानुवर्षं पोरींवर ओरडून कमावलेल्या आवाजात खाली बातमीची वाट बघत जमलेल्या संघाला सांगितलं, "घेतलं आपल्याला! घेतलं रे!" एक क्षण पोरं वर बघत राहिली, मग एकमेकांच्या अंगावर कोसळली. बातमी गावात पोचायला तेवढाच वेळ लागला. धान्याच्या कोठाराचा भोंगा वाजला, मग चर्चची घंटा, मग रस्त्यावरच्या झाडून सगळ्या गाड्यांचे हॉर्न.

त्या गोंगाटात तिने डेझमंडला फोन लावला.

"काय ही बोंबाबोंब?" तो म्हणाला. मग त्याला कळलं. "घेतलं?"

"घेतलं."

"कोच!" तो ओरडला, आणि त्या ओरडण्यात जराही खोट नव्हती. मग म्हणाला, "शाब्बास. पुढच्या वर्षी टीव्हीवर बघेन तुम्हाला."

"टीव्हीवर का? सामन्याच्या शनिवारी इथेच ये. पूर्वेला. सगळ्या बिक्सबीला घेऊन ये."

"वेडी आहेस का? आम्हाला संघ तरी कुठे उरलाय?"

"संघ नसेना," मार्लिस म्हणाली. "पाहुणे तर आहात ना!"

पलीकडे तो रडत होता. हॉर्न वाजत राहिले, आणि तो बोलेपर्यंत मार्लिसने फोन कानाला तसाच धरून ठेवला.