ओळ झेलणारं कोणी

त्या वर्षी जानेवारीत आमच्या माउंट नेबो चर्चच्या अकरा पायऱ्या चढायला माझ्या नवऱ्याला, ओबेडला, वीस मिनिटं लागली. मी त्याच्या मागे उभी, एका हातात त्याची टोपी, दुसरा हात त्याच्या पाठीला टेकवलेला. वर त्याचा जुना दोस्त थर्मन दार उघडं धरून उभा होता आणि आतली सगळी ऊब बाहेर सॅगिनॉ शहराच्या बर्फात जात होती.

"ओबेड, तू वर पोचेपर्यंत प्रभूचं दुसरं येणं होऊन जाईल बघ," थर्मन म्हणाला. "आणि मी इथे दारातच गोठलेला सापडेन."

ओबेडने नुसतं एक बोट वर केलं. थांब. शब्दापुरती हवा त्याच्याकडे नव्हती.

पण आत गेल्यावर त्याने कोट खुंटीला लावला, वेदीसमोर जाऊन उभा राहिला आणि ओळ टाकली. ती हवा कुठून आली ते त्या पित्यालाच ठाऊक.

आमच्याकडे जुनी स्तोत्रं पुस्तकात बघून म्हणत नाहीत. उपासना सुरू व्हायच्या आधी डीकन, म्हणजे मंडळीतला मानाचा सेवक, उभा राहतो आणि एक ओळ भराभर सांगून टाकतो. मग मंडळी ती ओळ झेलतात, ताणतात, घोळवतात आणि सावकाश परत देतात. सगळ्यात आधी मंडळीतली आमची आर्वेला उचलायची, दुसऱ्या बाकावरून, डोळे मिटून. तिच्या खालच्या सुरात मी. मग सगळं चर्च. बावन्न वर्षं हाच क्रम, मी कधी पहिली नव्हते. त्यानंतर पाळकांचा उपदेश. तो साध्या बोलण्यातून निघतो आणि कुठे सुरावर चढतो ते भल्याभल्यांना सांगता येत नाही. त्या चढण्यासाठी मी आठवडाभर जीव धरून असते. ओबेड म्हणायचा, जमीन आपण आधी भिजवून ठेवतो, म्हणून पाळकांचा नांगर चालतो.

त्या रविवारी त्याने तीन ओळी टाकल्या. चौथीला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. बाजूच्या थर्मनने काही झालंच नाही अशा थाटात ओळ पुढे नेली. ओबेड खुर्चीवर बसला आणि त्याच्या ओठांचा निळा रंग मला तिसऱ्या बाकावरून दिसला.

एकतीस वर्षं त्याने थर्मनच्या जोडीने लोखंड ओतण्याच्या कारखान्यात साच्यांची वाळू फुप्फुसात भरून घेतली होती. डॉक्टरीणबाईंनी छातीचा एक्स-रे दाखवला. "ही वाळू निघणार नाही," त्या म्हणाल्या. "पण थंडी आणि सर्दी-पडसं यांच्यापासून लांब राहिलात, कोरड्या उबदार हवेत गेलात, तर श्वास सुटा होईल. इथला आणखी एक हिवाळा झेपेल असं मी म्हणणार नाही."

थर्मनला कळलं तेव्हा तो पोटभर हसला. "म्हणजे वाळूने छाती भरली, आणि औषध काय, तर वाळवंटात जाऊन राहा." मग बाहेर जाऊन बराच वेळ माझ्या गाडीवरचं बर्फ खरवडत बसला. ते मी आधीच काढलेलं होतं.

आमची लेक डेनिटा ॲरिझोनाच्या वाळवंटात, टुसॉनला नर्स आहे. तिने फोनवर सांगितलं, "ममा, कागद घे आणि मधोमध रेघ मार. एकीकडे फायदे, दुसरीकडे तोटे. रडत रडत ठरवायचं नाही."

कागद हाताशी नव्हता. अंत्यविधीवाले चर्चमध्ये वाटतात तो पुठ्ठ्याचा पंखा होता, त्याच्या पाठीवर मी रेघ मारली. फायदे डेनिटाने सांगितले. ओबेडचा श्वास. बर्फ काढायला नको. पायऱ्या नाहीत, घर सगळं एकाच पातळीवर. लेक पाच मिनिटांवर. नातीची शाळा बघता येईल. हिवाळ्यात अंगणात बसून लिंबं तोडायची.

"आता तोटे," ती म्हणाली.

"उन्हाळा," मी म्हणाले.

"एसी आहे."

"पाऊस नाही. माझी कोलार्डची पालेभाजी कशी येणार?"

"हिवाळ्यात येते. उलटं असतं इथे सगळं. पुढे."

"साप. विंचू."

"ममा, मी नऊ वर्षांत एक विंचू पाहिलाय आणि तोही मेलेला. डॅडींना विचार, त्यांचं काय?"

ओबेड खिडकीपाशी ऑक्सिजनची नळी नाकात लावून बसला होता. तो म्हणाला, "तिथे ओळ कोण झेलणार?"

"डॅडी, इथे आमचं चर्च केवढं मोठं आहे. आपलीच माणसं आहेत. गाणारे कितीतरी आहेत."

मी ते लिहिलं नाही. तोट्यांचा रकाना लहान राहिला आणि मला तो लहानच हवा होता. माझा नवरा मरणार होता आणि मला तो जिवंत हवा होता. याहून मोठं कारण तेव्हा माझ्याकडे नव्हतं, आजही नाही.

एप्रिलमध्ये आम्ही गेलो. निघायच्या आदल्या रविवारी मंडळींनी तळलेले मासे आणि मक्याचा पाव केला, आर्वेलाने पीच घालून भाजलेला गोड पदार्थ आणला. तिने माझे दोन्ही हात धरले. "तिकडे पोचलीस की गात राहा," ती म्हणाली. "नाहीतर गंजशील."

"तिथे काही गंजत नाही," थर्मन मागून म्हणाला. "हवाच कोरडी आहे."

डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नव्हत्या. मे संपेपर्यंत ओबेड दिवसाची नळी काढून ठेवायला लागला. पहाटे ऊन चढायच्या आत तो पत्रपेटीपर्यंत चालत जायचा, मग कोपऱ्यापर्यंत, मग शाळेच्या कुंपणापर्यंत. ते उंच काटेरी निवडुंग हात वर करून उभे असतात, त्यांच्याकडे बघून म्हणायचा, "यांची उपासना कधी संपतच नाही." त्याच्या गालांवर रंग आला. तो माझ्या शेजारी झोपायचा आणि छातीतली शिट्टी ऐकू यायची नाही. किती रात्री मी जागी राहून ती शांतता ऐकली आणि देवाचे उपकार मानले.

डेनिटाचं चर्च खरंच मोठं होतं. गारेगार, मऊ खुर्च्या, दारात कॉफी. शब्द समोरच्या मोठ्या पडद्यावर यायचे. उपासनेआधी त्याच पडद्यावर घड्याळ उलटं चालायचं, पाच मिनिटांपासून शून्यापर्यंत. तोवर लोक गप्पा मारायचे, मुलं पळायची. शून्य झालं की ड्रम.

पहिले काही रविवार ओबेड त्या घड्याळाकडे नुसता बघत बसला. त्याची अस्वस्थता मला कळत होती. आमच्याकडे ती डीकनांची वेळ. उपासनेआधीची पाच मिनिटं कुणीतरी उभं राहून भरायची असतात, रिकामी सोडली तर मंडळी कोरडी राहतात. त्याला वाटलं, इथे उठणारं कोणी उरलं नाही. बिचाऱ्यांचे म्हातारे गेले असतील. जागा रिकामी आहे.

जूनच्या दुसऱ्या रविवारी घड्याळात चार मिनिटं होती तेव्हा तो उठला. डेनिटा नातीच्या वेणीत गुंतलेली होती. मी त्याच्या बाहीला हात घातला नाही. मला वाटलं, उठू दे. त्याच्या छातीत हवा होती. दोन वर्षांत पहिल्यांदा.

त्याने ओळ टाकली. "थकलो प्रभो, तुझिया उंबऱ्याशी आलो."

काय आवाज होता. कारखान्याच्या आधीचा, मी लग्न केलं तेव्हाचा. गप्पा थांबल्या. कॉफीचे पेले मांडीवर आले. सगळं चर्च शांत, आणि सगळ्यांचे चेहरे त्याच्याकडे, प्रेमाने.

कुणी झेललं नाही.

ओबेड थांबला. कधी कधी मंडळी उशिरा उचलतात, हे त्याला माहीत होतं. त्याने मान किंचित कलती केली आणि तीच ओळ पुन्हा दिली, जरा सावकाश, लहान मुलाला द्यावी तशी.

माझं तोंड उघडं होतं. सूर गळ्यापर्यंत आलेला होता. आणि मी वाट बघत होते. कुणाची, ते मला त्या क्षणी कळलं नाही. मी दुसऱ्या बाकावरून येणाऱ्या आर्वेलाच्या आवाजाची वाट बघत होते. तो आला की त्याच्या खाली शिरायचं, एवढंच मला येत होतं. ती दोन हजार मैलांवर होती.

मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. लोक उभे राहिले. एक गोड मुलगा माईक घेऊन आला, ओबेडच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पपा, या सुंदर गाण्याबद्दल आभार. काय आवाज आहे, नाही का?" पुन्हा टाळ्या. घड्याळ शून्यावर आलं.

ओबेड बसला. चष्मा काढून पुसत राहिला.

गाडीत डेनिटा म्हणाली, "डॅडी, सगळ्यांना इतकं आवडलं. ते म्हणत होते पुढच्या महिन्यात तुम्हाला कार्यक्रमात घेऊ."

"कार्यक्रमात," ओबेड म्हणाला. मग म्हणाला, "माणसं चांगली आहेत, बेटा." आणि ते खरं होतं.

संध्याकाळी मी त्याच्यापाशी बसले. "ओबेड, मी उचलणारच होते, पण..."

"माहीत आहे गं," तो म्हणाला. "मीसुद्धा आर्वेलाचीच वाट बघत होतो."

त्यानंतर तो चर्चमध्ये उठला नाही. पडद्यावरचे शब्द वाचून गायचा, ओठ हलवण्यापुरतं. एकदा स्वयंपाकघरात मी हट्टाला पेटले. "तू ओळ टाक, मी झेलते. आता मला एकटीला येतं." त्याने टाकली. मी झेलली, चांगली झेलली. फ्रिज घुरघुरत होता. त्याने दुसरी ओळ टाकली नाही.

"बेसूर झाले का मी?"

"नाही. गोड म्हटलंस." त्याने माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि भांडी पुसायला लागला. "पण हे दोघांचं नव्हे, लुवीनिया. यात माणसाला आपला आवाज हरवता आला पाहिजे. दोघांत तो सारखा सापडत राहतो."

ऑक्टोबरमध्ये त्याने विचारलं. आयुष्यात माझ्याकडे त्याने फार मागितलं नाही. "नाताळाला घरी जाऊ या का? आणि मग तिथेच राहू."

"तिथे तू मरशील."

"हो," तो म्हणाला. "पण काही रविवार मिळतील."

मी नाही म्हणाले. रडले नाही, ओरडले नाही, भाजी चिरता चिरता नाही म्हणाले. म्हणाले, मला तू हवा आहेस, तुझे काही रविवार नकोत. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मान डोलावली. परत कधी विषय काढला नाही. काढला असता तर मी कधीतरी हो म्हणाले असते, हे त्याला माहीत होतं, म्हणूनच काढला नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये आर्वेला गेली. आम्हाला तिच्या अंत्यविधीला जाता आलं नाही, तिकडे बर्फाचं वादळ होतं आणि डॉक्टरांनी ओबेडला त्या थंडीत पाठवायला साफ नकार दिला. थर्मनने एकट्याने स्तोत्र उचललं, असं कळलं.

आणि आता या नोव्हेंबरात थर्मनचा फोन आला. दुपारची वेळ. मी फोन टेबलावर ठेवून बटण दाबलं, म्हणजे दोघांना ऐकू येईल. थर्मनचा आवाज ऐकताच मला कळलं. शब्दाशब्दामध्ये तीच शिट्टी.

"आता माझी पाळी, ओबेड," तो म्हणाला. "पायऱ्यांशी भांडण सुरू झालंय. डॉक्टर म्हणतात तिकडे जा. खरं सांग, त्या भट्टीत येण्यात काही अर्थ आहे का? फायदे सांग, तोटे सांग. बायबलावर हात ठेवून सांग."

माझ्या काळजाने उडी मारली, ती मी लपवत नाही. थर्मन आला तर तिघं झालो. थर्मन उचलेल, मी त्याच्या खाली शिरेन. तिघांत आवाज थोडा तरी हरवतो. मी ओबेडकडे बघून मान हलवली. ये म्हण. ये म्हण त्याला.

ओबेडने माझी खूण पाहिली.

"श्वास सुटतो," तो फोनला म्हणाला. "हे खरं आहे. मी रोज दोन मैल चालतो. झाडाची लिंबं तोडतो. माझ्या नातीला पोहायला नेतो. लेक रोज दिसते. इतका श्वास मला वयाच्या चाळिशीतही नव्हता."

"मग येतो की," थर्मन म्हणाला. "सामान बांधतो."

"तिकडे ओळ कोण टाकतं आता?"

थर्मनने खोकून घेतलं. मग म्हणाला, "मीच. दुसरं कोण आहे?"

"झेलणारे किती?"

"अकरा. चांगल्या रविवारी तेरा. तो कोपऱ्यातला डेलरॉय शिकतोय, बेसूर आहे, पण घाबरत नाही."

"अकरा," ओबेड म्हणाला. त्याने डोळे मिटले. "तू मला खरं विचारलंस, म्हणून सांगतो. श्वास मिळेल, थर्मन. भरपूर मिळेल. पण तू निघालास तर त्या अकरा जणांचं काय होईल ते तुला माहीत आहे. आणि इथे तुझं काय होईल ते मला माहीत आहे. तुला ये म्हणायला मला फार आवडेल. लुवीनिया समोर बसून मला खुणावतेय. मी ये म्हणणार नाही. पण आलास तर मी विमानतळावर उभा असेन."

पलीकडून त्याचा श्वास ऐकू आला, ओढलेला, फाटका.

"बरं," थर्मन म्हणाला. "विचार करतो." आणि आम्हा तिघांनाही कळलं की तो येणार नाही.

फोन बंद झाला. मी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. मला त्याचा राग आला होता, आणि त्याच वेळी माझ्या मनात येत होतं की देवाने मला किती मोठ्या माणसाच्या पदरी घातलं. तो उठला, टोपी घातली, दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन.

इतकं बोलूनही त्याला धाप लागली नव्हती.