कडी आतून

"माय, एकटीची खोली भरू का दोघींची?"

गोजरबाई पालाच्या खुंटीवर दगड हाणत होती. तिने हात थांबवला नाही. "एकटीची काहून? एकटं कोण झोपतं?"

"तिथं झोपतात."

"झोपू दे त्यायला. तू दोघींची भर."

सृष्टीने मोबाइलवरचा फॉर्म वर सरकवला. संपतरावांच्या विहिरीच्या कठड्यावर पाय दुमडून ती बसली होती, कारण अख्ख्या रानात मोबाइलला रेंज येत होती ती तेवढ्याच वीतभर जागेत. सेनगावपासून चार किलोमीटरवरचं हे रान. सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरायला अजून पंधरा-वीस दिवस होते, आणि तेवढ्या दिवसांसाठी संपतरावांनी सोनाजीची दीडशे मेंढरं आपल्या जमिनीत बसवून घेतली होती. मेंढरं रात्री बसतात, जमिनीला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य मिळतं. असं एका रानातून दुसऱ्या रानात करत गोजरबाईच्या संसाराची तीस वर्षं गेली होती. जिथे मेंढरं तिथे पाल, जिथे पाल तिथे चूल.

आणि तिची लेक जर्मनीला निघाली होती! पुण्याच्या कॉलेजात बीबीएच्या शेवटच्या वर्षाला होती सृष्टी. त्या कॉलेजातून सहा पोरं एका सत्रासाठी तिकडच्या विद्यापीठात जाणार होती, मार्च ते जुलै, आणि त्या सहांत हिचं नाव लागलं होतं. लागलं तेव्हा सोनाजीने सेनगावच्या स्टँडवर ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना पेढे वाटले होते. आता दिवाळीच्या सुट्टीत पोरगी आईबापाजवळ आली ती हा फॉर्म घेऊनच. पाच विषय निवडायचे आणि राहायची जागा धरायची. मुदत सोमवारपर्यंत.

विषयांचं काम सोपं झालं. संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडून सोनाजी येऊन टेकला आणि लेक एकेक नाव वाचू लागली.

"नेगोशिएशन."

"म्हंजी काय?"

"घासाघीस कशी करायची ते शिकवतात."

सोनाजीने कपाळावर हात मारला. "आरं देवा! ते शिकायला इमानात बसून जायाचं? हिंगोलीच्या बकरी बाजारात ये म्हणावं मास्तरला. दोन मंगळवारात तयार करतो त्याला."

सृष्टी हसून हसून कठड्यावरून पडायची बाकी राहिली. मग जरा सावरून म्हणाली, "पण बा, मला खरा पाहिजे तो हा. सप्लाय चेन. माल रानातून निघून दुकानात कसा जातो, मधी कोण कोण असतं, कोण किती ठेवून घेतं. आठवड्यातून दोनदा, सकाळी आठला. शिकवणारी बाई लई नावाजलेली आहे. तिच्याकडं वीसच पोरं घेतात, त्यात मला घेतलं."

"मग घे की!"

घेतला. राहिली ती खोली.

कॉलेजच्या आवारातच होस्टेल होतं. एकटीची खोली, आतच मोरी, वर्गापर्यंत चालत पाच मिनिटं. सृष्टीने फोटो दाखवले. गोजरबाईने ते पदराला बोटं पुसून, एकेक मोठा करून बघितले. पलंग, टेबल, खिडकी. वाईट काही नव्हतं.

"बरं, भर एकटीची. तुझंच खरं," ती म्हणाली. सृष्टीने बोट पुढे नेलं तसा तिने लेकीचा हात धरला. "पण आत्ता न्हाई. आदी कोणी डोळ्यानं बघून येऊ दे."

"माय, फोटो आहे ना!"

"फोटोत पाणी दिसतं का? शेजार दिसतो का?"

हा गोजरबाईचा नियम होता आणि तो काही हवेतून आलेला नव्हता. बारा वर्षांमागे नरसीच्या पलीकडे एका शेतकऱ्याच्या नुसत्या सांगण्यावरून त्यांनी मेंढरं हलवली. बांधावरच्या गवतावर आदल्या दिवशी औषध फवारलेलं होतं, हे त्या बाबाला सांगायचं सुचलं नाही. सकाळी अकरा मेंढरं पाय ताणून पडलेली. तेव्हापासून रान कुणाचंही असो, गोजरबाई आधी एकटी चालत जाते, पाणी बघते, बांध बघते, कुत्री किती ते बघते, मालकाशी स्वतः बोलते. सोनाजी बोलायच्या बाबतीत भिडस्त. तीस वर्षांतलं प्रत्येक रान बोलून ठरवलं होतं ते गोजरबाईनेच.

"तिकडं हिंगोलीची ती रागिणी आहे म्हणत होतीस ना? तिला म्हण बघून ये."

"तिला रविवारीच सुट्टी आहे. आणि माय, या खोल्या जसे अर्ज येतील तशा देतात."

"आज शुक्रवार. दोन दिवसात खोली काय उडून जाती व्हय?"

सृष्टी आईकडे बघत राहिली. ती अकरा मेंढरं तिनेही पाहिली होती, नऊ वर्षांची असताना. तिने फोन बंद करून ठेवला.

खोली उडून गेली. रविवारी रागिणी तिथे जाऊन बघून आली, "सगळं झकास आहे, लगेच भर" असा निरोप तिने धाडला, आणि सृष्टीने फॉर्म उघडला तर होस्टेलच्या नावापुढे लाल अक्षरांत शिल्लक नाही असं आलेलं. एकटीच्या गेल्या, दोघींच्याही गेल्या. उरली होती ती एकच जागा. शहराबाहेर अकरा किलोमीटरवर एका म्हाताऱ्या बाईच्या घरातली माडीवरची खोली. तिथून पहिली बस कॉलेजला पोचते आठ चाळीसला.

गोजरबाई ज्वारीचं पीठ मळत होती. "मग काय झालं? लांब तर लांब. आपण काय कमी चालतो?"

आणि पोरगी भडकली. कधी आवाज न चढवणारी सृष्टी विहिरीवरून ताडकन उठून आली.

"काय झालं? आठचा वर्ग गेला माझा! विसात घेतलं होतं मला. आणि खोली... तुला काय माहीत मला ती काहून पाहिजे होती? लहानपण पालात गेलं. मग आश्रमशाळेत एका हॉलमधी चाळीस पोरी. पुण्यात एका खोलीत चौघी. कपडे बदलायचे तर पांघरुणात, रडायचं तर पांघरुणात. माय, मला आयुष्यात एकदा एक दार पाहिजे होतं. माझं. मी लावल्यावर बंद राहणारं. पाच महिने, बस. ते बी तुझ्या बघण्यात गेलं!"

एवढं बोलून ती मेंढरांच्या दिशेने चालत गेली. गोजरबाईचे हात परातीत तसेच राहिले. लेकीवर राग यावा असं तिला वाटलं, पण राग येईना. पोरगी खोटं एक अक्षर बोलली नव्हती.

भाकरी झाल्या तरी सृष्टी येईना, तेव्हा गोजरबाईच बांधापर्यंत गेली. लेक पाठ करून बसली होती. ती शेजारी बसली.

"तू झालीस ना," गोजरबाई म्हणाली, "तवा आमी पुसेगावच्या अंगाला होतो. थंडी मरणाची. मालकीण द्वारकाबाई म्हणून होत्या. पालात बाळंत होऊ नको म्हणल्या, आन् आपली धान्याची खोली रिकामी करून दिली. दहा दिवस. तिला दार होतं, सागाचं, आतून कडी. तिसऱ्या दिवशी मी उठून कडी लावली आन् बसले. तुला मांडीवर घेऊन. भाइरून सासूनं हाक मारली, तुझ्या बानं मारली. जागी होते, पण ओ दिली न्हाई. नुसतं बसले. लई बरं वाटलं बघ. आन् लाज बी वाटली. बाईमाणसानं असं बसावं का म्हणून. ह्या कानाचं त्या कानाला सांगितलं न्हाई आजवर."

सृष्टीने मान वळवली.

"अकराव्या दिशी मेंढरं हलली. आपुनबी हललो," गोजरबाई म्हणाली. "तो वर्ग आता मिळतच न्हाई का?"

"नाही. दुपारचा दुसरा कोणतातरी घ्यावा लागंल."

"माझ्यामुळं गेला."

"व्हय," सृष्टी म्हणाली. मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली, उघड्या रानात, पांघरूण न घेता. गोजरबाईने तिला गप्प बस असं एकदाही म्हटलं नाही.

सोमवारी दुपारी दोनला त्या म्हाताऱ्या बाईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. नाव हेल्गा. पांढरे केस, जाड स्वेटर, चष्मा नाकावर घसरलेला. तिचं इंग्रजी अडखळतच चालत होतं, त्यामुळे सृष्टीला समजायला सोपं गेलं. हेल्गाबाईंनी अंगण दाखवलं, स्वयंपाकघर दाखवलं, मग धापा टाकत लाकडी जिना चढून वरची खोली दाखवली. उतरतं छत, पलंग, एवढीशी खिडकी.

"तुझ्या आईला काही विचारायचं आहे का, म्हणते," सृष्टी म्हणाली.

गोजरबाईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि कठड्यावर ताठ बसली. मालकाशी बोलायची तिची बैठक हीच. विचारायचं तिने सकाळपासून मनात लावून ठेवलं होतं. पाणी, शेजार, कुत्री, रस्ता. पण तोंड उघडलं आणि निघालं भलतंच.

"बाईला इचार, ह्या खोलीला कडी कुठून लागती?"

सृष्टीने आईकडे बघितलं. मग विचारलं. हेल्गाबाईंना प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा त्या खोलीत शिरल्या, दार ओढून घेतलं आणि आतून किल्ली फिरवली. खट्ट असा आवाज सेनगावच्या रानात स्पष्ट ऐकू आला. पडद्यावर आता नुसतं बंद दार होतं, आतल्या बाजूने दिसणारं, पांढऱ्या रंगाचं.

"तिला म्हण," गोजरबाई म्हणाली, "एकदा पोरीनं कडी लावली की भाइरून कोणी हाक मारायची न्हाई. जेवायला बी न्हाई. भूक लागली की माझं लेकरू आपसूक उघडतं."

सृष्टीने ते कसंबसं इंग्रजीत सांगितलं. हेल्गाबाई हसल्या नाहीत. त्या हळू काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणती?"

"म्हणते, ठरलं. आणि म्हणते, तिच्या स्वतःच्या आईनं असं कुणाला सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

"मग भर," गोजरबाई म्हणाली.

सृष्टीने बोट टेकवलं. तेवढ्यात पालाच्या बाजूने सोनाजीची हाक आली. "अगं, च्या टाकती का?" उत्तर गेलं नाही तशी त्याने पुन्हा हाक मारली, या खेपेला जरा मोठ्याने.

"माय, बा हाका मारून राहिला."

"मारू दे," गोजरबाई म्हणाली. हेल्गाबाईंनी फोन अजून तसाच धरला होता, आणि ती त्या बंद दाराकडे बघत बसून राहिली.