आठवा हिस्सा

मॉडेमवरचा तांबडा ठिपका मिणमिणत होता — थांबत, पुन्हा मिणमिणत, जणू आत कुणी पापण्या हलवीत होतं — आणि मग, संगणकाचा वर्ग चालवणारा आदेश पाहत असतानाच, तो विझला. पडद्यावरची निळी पट्टी होती तिथेच गोठली. आठवा हिस्सा भरला होता. मघाशीही तेवढाच. त्याच्या आधीही.

मुरबाडात वाऱ्याने तारा हलतात, लाइन तुटते, हे तो वर्गातल्या मुलांना नेहमी सांगत असे. पण वारा काही मोजूनमापून सुटत नाही... भर दुपारी, कापडं पांघरलेल्या संगणकांच्या रांगेत बसल्या बसल्या त्याच्या मानेवर काटा आला. प्रणितला यायचंच नाही का?

धाकटा भाऊ प्रणित मस्कतहून नेहमी कॅसेट भरून पाठवायचा. गावी येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून ती यायची आणि आये ती झिजेपर्यंत ऐकायची. शेवटच्या वेळी येणारं कुणी नव्हतं, म्हणून तो खोलीतल्या सोबत्याच्या, धसईच्या धर्माच्या, संगणकापुढे बसून दीड मिनिट बोलला. आणि पुढच्याच आठवड्यात गाडीखाली गेला. पेटी बंद आली. आयेला तोंडही दिसलं नाही.

धर्माने ते बोलणं इंटरनेटवर ठेवलं होतं. ‘उद्यापर्यंतच राहील रे,’ तो फोनवर म्हणाला होता, ‘मशीन कंपनीचा हाय, उद्या परत घेतायत. मी ऐकला नाय. तुमच्यासाठी हाय ते.’

सकाळी आयेने विचारलं होतं, ‘किती टाइम लागंल त्याला यायला?’ फाइल आठ मेगाबाइटची. पडद्यावर लाइनचा वेग लिहून आलेला, चव्वेचाळीस. आदेशने मनातल्या मनात भागाकार केला होता आणि सांगून टाकलं होतं — तीन मिनिटं.

चव्वेचाळीस... पण चव्वेचाळीस काय? तार बिट मोजते, डिस्क बाइट मोजते; आठ बिटांचा एक बाइट. हे मी प्रत्येक नव्या तुकडीला फळ्यावर लिहून देतो, आणि सख्ख्या भावाच्या वेळी विसरलो. तीन नव्हेत, चोवीस मिनिटं लागणार. आणि चोविसाचा आठवा हिस्सा —

तो उठला. फोनची लाइन एकच होती, पण यंत्रं दोन: एक वर्गात, एक आतल्या खोलीत.

आतल्या खोलीत आये भिंतीशी बसली होती, रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून, डोळे मिटून. चुलीपाशी चहाची तीन पातेली गार झाली होती.

‘आये, काय करतेस?’

‘गप रे.’ मग डोळे न उघडताच, ‘तूच म्हनलास ना तीन मिनिटं. चहा ठेवते, उकळी आली का उचलते. आता एवढा चहा कोन पिनार, तुझी पोरं पन नाय आली आज.’

‘तू उचललास की लाइन तुटते गो. तो फोनवर नाय येत, मशीनमधे येतो.’

‘मला ऐकू येतो.’

‘ती खरखर हाय, आये. नुसते आकडे.’

‘कशाचे?’

‘त्याच्या आवाजाचे,’ तो बोलून गेला.

‘मंग तोच की,’ ती शांतपणे म्हणाली. ‘पयला पंख्यासारखा घुमतो. मंग दम घेतो. आता बोलनार, तेवढ्यात कापतं.’

प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला प्रणित असाच अडून बसायचा — खोलीतला पंखा ऐकू यायचा, त्याचा श्वास ऐकू यायचा, आणि शब्द मात्र किती तरी वेळ नाही.

‘अर्धा तास लागंल,’ आदेश म्हणाला. ‘हात लावू नको.’

तिने रिसीव्हर ठेवला, पण तळवा त्याच्यावरच राहू दिला.

त्याने पुन्हा लाइन जोडली. मॉडेम किंचाळला, घरघरला, गप्प झाला. ठिपका मिणमिणू लागला. तीन मिनिटं गेली. आठवा हिस्सा ओलांडून पट्टी पुढे सरकली, आणि आदेशला हायसं वाटायला हवं होतं... पण तो दुसराच हिशोब करीत बसला होता. प्रणितचं एका सेकंदाचं बोलणं या तारेतून उतरायला सोळा सेकंद. काल धर्मा याच तारेवर बोलला तेव्हा शब्द तोंडातून सुटताच कानात होता. गेलेल्या माणसाला मात्र एवढा वेळ लागतो — म्हणजे आत्ता, या क्षणी, तो कदाचित ‘आये’ म्हणतोय. ‘आ’ इथे पोहोचलाय आणि उरलेलं अजून समुद्रावर आहे.

मशीनजवळच्या रिसीव्हरकडे त्याचा हात गेला होता. केव्हा गेला ते त्याला कळलं नव्हतं. बोटांखालचं प्लास्टिक ऊन होतं, नुकतंच कुणी धरून ठेवल्यासारखं. त्याने तो उचलला नाही. हातही काढून घेतला नाही. भिंतीपलीकडे आयेचा तळवा असाच टेकलेला असेल.

पट्टी भरत चालली होती. ती भरली की प्रणितचं बोलून झालेलं असेल. मग हवं तितक्या वेळा ऐकता येईल, कॅसेटसारखं. आणि तोवर — तोवर तो बोलतोच आहे. आदेश ठिपक्याकडे बघत राहिला आणि मनातल्या मनात लाइनला विनवू लागला, सावकाश, आणखी सावकाश...