जोड्या फोडणाऱ्यांची खोली

बुडापेस्टच्या आमच्या प्रयोगशाळेत माणसं भेटली की दोन्ही गालांना गाल लावतात. सकाळी एकदा लावला की दिवसभर सुटका, असंही नाही. वेंडेल बाची आले की पुन्हा पहिल्यापासून. बाची म्हणजे काका; हे इथले जुने यंत्रकार. नमुने थंड करायचं यंत्र त्यांनीच जुळवलेलं, म्हणून निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी दर गुरुवारी खाऱ्या बिस्किटांचा डबा घेऊन हजर. फेब्रुवारीतही. फेब्रुवारीत हवा इतकी कोरडी की लोकरी स्वेटरवाल्या माणसाला हात लावला तरी ठिणगी उडते, आणि अंगातली तेवढी वीजही नमुना जाळायला पुरते. हे मी त्यांना चार वेळा सांगितलं होतं.

माझं काम जोड्या फोडण्याचं. अतिसंवाहक धातूत इलेक्ट्रॉन जोडीने फिरतात. त्या धातूची, केसाहून शेकडो पट बारीक पट्टी एका तारेवर आडवी टाकायची आणि तिच्या दोन्ही अंगांना एका वेळी एकच मावेल एवढी जागा ठेवायची. मग जोडीतला एक डावीकडे जातो, दुसरा उजवीकडे, आणि वेगळे होऊनही एकमेकांशी बांधलेले राहतात. पडद्यावर दोन्हीकडचे प्रवाह एकदम चढले की समजायचं, फुटली.

तीन आठवडे माझे प्रवाह एकदम चढत होते. आता चुंबक लावून धातूचं अतिसंवाहकपण घालवायचं आणि चढही जातो, म्हणजे तो जोड्यांचाच होता, हे दाखवायचं, एवढंच राहिलं होतं. ते नाही तर प्रबंध नाही. माझी मुदत जूनमध्ये संपत होती, आणि असा नमुना पुन्हा बनवायला पाच महिने लागतात.

त्या गुरुवारी मोजमापात खरखर येत होती. मी यंत्रामागे वाकून एक वायर काढली, पुसली, परत लावली, आणि तशीच चुंबकाच्या जोडण्या तपासत बसले. अकराला बाची आले. मी उठले, त्यांनी गाल पुढे केला आणि चट् करून ठिणगी उडाली. पडद्याकडे पाहिलं तर दोन्ही रेषा आडव्या. नमुना जळाला होता.

मग मी जे तोंड सोडलं ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. "घरी करमत नाही म्हणून आमची वाट लावायची का?" हे त्यातल्या त्यात सौम्य. बाचींनी डबा टेबलावर ठेवला आणि ते गेले.

जेवणानंतर प्राध्यापकांना दाखवायला नोंदी उघडल्या. रेषा आडव्या झाल्या होत्या दहा बेचाळीसला. दहा बेचाळीसला मी ती वायर लावत होते, आणि त्याआधी नमुना जमिनीला जोडणारा खटका खाली करायला विसरले होते. पहिल्याच आठवड्यात शिकवतात ते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि इथे चोरही मी, फाशी देणारीही मी. लाज वाटली. पण खरं सांगायचं तर राग त्याहून जास्त आला, कारण आता चिडायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

बाची तळमजल्यावरच्या कार्यशाळेत लेथ पुसत बसले होते. मी दारातूनच सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी खोलीत शिरलो तेव्हाच रेषा आडव्या होत्या."

"मग सांगितलं का नाहीत?"

"आधी भेटायचं, मग बोलायचं, पोरी. भेटून झालं आणि तू सुरू झालीस. म्हटलं, संपलं की सांगू. तर मी जिना उतरून खाली आलो तरी तुझं चाललंच होतं."