रखवालदाराचा आवाज

"रखवालदार बदलायलाच हवा," चष्मेवाला म्हणाला. "त्या जुन्या माणसाला अजिबात जमलेलं नाही. बसचं वेळापत्रक वाचल्यासारखा बोलतो."

सगळे हसले. सफरचंदाच्या फोडींची ताटली घेऊन दारात उभे असलेले बाबाही हसले. आवाज आला नाही, गळ्यावरचा रुमाल तेवढा हलला. डॉक्टरांनी घशातल्या गाठीबरोबर त्यांचं स्वरयंत्र काढून घेतलं, त्याला अठरा वर्षं झाली होती. तेव्हापासून गळ्याला रुमाल आणि खिशात छोटी पाटी.

रविवारची दुपार होती. लेक आणि तिचे तीन मित्र सकाळपासून ठाण मांडून बसले होते. त्यांच्या लाडक्या, अठरा-एकोणीस वर्षं जुन्या गेमवर सिनेमा येणार होता आणि कोणत्या पात्राला कुणाचा आवाज शोभेल याची यादी चालली होती. जणू सिनेमावाले यांच्याच निरोपासाठी खोळंबले होते! होडीवालीचा आवाज ठरला, बोलणाऱ्या माशाचासुद्धा ठरला. घोडं अडलं ते दीपगृहाच्या रखवालदारापाशी. होडी बुडाली की हा रखवालदार दर वेळी एवढंच म्हणतो, "परत ये. दिवा चालू आहे."

"पण तो असा कुजबुजत का बोलतो?" उंच मुलगी म्हणाली. "मला वाटतं, समुद्राला ऐकू जाऊ नये म्हणून."

"कसलं डोंबल! दमा असणार त्याला."

तो आवाज बाबांचा आहे हे त्या खोलीत लेकीला आणि बाबांनाच माहीत होतं. बाबा तेव्हा बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. एका स्टुडिओवाल्याने तो आवाज ऐकला आणि या गेमसाठी बोलावून नेलं. वर्षभरात ऑपरेशन झालं. तेव्हा लेक दोन वर्षांची, त्यामुळे तिला बाबांचं बोलणं आठवत नव्हतं. घरात दुसरीकडे कुठे तो आवाज नव्हता. लहानपणी शाळेतून आली की ती मुद्दाम होडी खडकावर घालायची. आई होती तेव्हा ओरडायची, "अगं, लोक जिंकायला खेळतात!"

कुणाला सांगायचं नाही, अशी बाबांची सक्त ताकीद होती. लोक आधी कौतुक करतात, मग कीव करतात, आणि ती कीव बाबांना सोसत नसे.

"चला, हात वर करा," चष्मेवाला म्हणाला. "जुना आवाज बदला असा अर्ज कंपनीला पाठवू. कोण कोण?"

तीन हात वर गेले.

"ऐका ना, तो आवाज..." लेकीने तोंड उघडलं.

बाबांनी चटकन ताटली खाली ठेवली आणि आपलाही हात वर केला.

"बघा, काकासुद्धा आमच्या बाजूने!" एकच हशा पिकला. लेकीने बाबांकडे पाहिलं. त्यांनी हळूच मान हलवली, नको. मग तिनेही हात वर केला. अर्ज एकमताने गेला.

असे अर्ज पुष्कळ गेले असावेत. तीन आठवड्यांनी सिनेमाच्या जाहिरातीबरोबरच कंपनीने अपडेट पाठवून गेममधलाही आवाज बदलून टाकला. कॉलेजातून आल्यावर लेकीने गेम लावला, होडी बुडाली, आणि खर्जातला एक भारदस्त आवाज खोलीभर घुमला. तिने पुन्हा बुडवली. पुन्हा तोच. नेटवर जुने व्हिडिओ सापडले, पण प्रत्येकात नेमकं त्याच वाक्यावर कुणीतरी किंचाळत होतं. तिने स्वतः कधी आवाज उतरवून ठेवला नव्हता. हवा तेव्हा ऐकता येणारा आवाज कोण कशाला साठवून ठेवेल?

संध्याकाळी बाबा प्रयोगशाळेतल्या कामावरून परतले. दिवसभर नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवून त्यांची बोटं चिकट झालेली असत.

"बाबा, तुमचा आवाज काढला हो त्यांनी," ती म्हणाली. "आणि मी हात वर केला होता." ती ओक्साबोक्शी रडायला लागली.

बाबांनी नवा आवाज एकदा लक्ष देऊन ऐकला. मग पाटीवर लिहिलं, 'चांगला आहे.'

"खोटं बोलू नका!" तिने पाटी ओढून पुसून टाकली.

बाबांनी पाटी परत घेऊन बारीक अक्षरात लिहिलं, 'तुझ्या आईची ड्यूटी होती. तुला घेऊन स्टुडिओत गेलो. तू खांद्यावर झोपलेलीस. तिथला माणूस म्हणाला, जरा मोठ्याने बोला. मी म्हटलं, नाही, पोर उठेल.'

तिने ते दोनदा वाचलं. ही पाटी तिने पुसली नाही.

थोड्या वेळाने तिने गेमचा आवाज पूर्ण बंद केला आणि होडी खडकावर घातली. पडद्यावर पाणी चढत गेलं, लांबवर दिवा दिसायला लागला. ती पडद्याकडे बघतच नव्हती. बाबांनी गळ्यावरचा रुमाल सारखा केला आणि ओठ हलवले. परत ये. दिवा चालू आहे.

तिने होडी पुन्हा खडकाकडे वळवली.