हनुवटीवरचे पांढरे केस

अहिल्या बावीस वर्षांची असताना तिच्या हनुवटीवर पहिला राठ केस आला. तो आणि त्याच्यामागून आलेले सगळे केस तिने चिमट्याने, एकटीने उपटले. नागपूरला माहेरी असताना, लग्नानंतर, आणि पुढे अमेरिकेत शॉमबर्गला आल्यावरही. सगळ्यांच्या आधी उठायचं, बाथरूमचं दार लावायचं, खिडकीच्या उजेडात छोटा आरसा धरायचा. दहा मिनिटांचं काम. छत्तीस वर्षांत ते कुणाला कळलं नाही. नवऱ्याला, प्रल्हादलाही नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला पार्किन्सन्स असल्याचं निघालं. आधी उजवा हात थरथरू लागला, मग या उन्हाळ्यात हनुवटीही. नोकरी सुटणार, गाडी चालवणं बंद होणार, याची तिने मनाची तयारी केली होती. चिमट्याचा विचार मात्र कधी डोक्यात आला नव्हता. आता केसाऐवजी कातडीच चिमट्यात यायची. थ्रेडिंगला जावं, तर मॉलमधल्या त्या दुकानात महाराष्ट्र मंडळातल्या निम्म्या बायका ओळीने बसलेल्या असायच्या.

ऑगस्टमध्ये मुलगी, उत्तरा, सांता क्लाराहून आठवडाभर आली. दुसऱ्याच दिवशी तिने विचारलं, "आई, हनुवटीला काय लागलंय?"

"पुऱ्या तळताना तेल उडालं."

उत्तराने तिचा चेहरा धरून खिडकीकडे वळवला. मग हळूच म्हणाली, "हे कधीपासून आहे?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून."

"आणि तू लेझर का नाही केलंस?"

चौदा वर्षांची उत्तरा शाळेतून रडत आली होती तो दिवस दोघींनाही आठवत होता. मुलं तिला मिशीवरून चिडवत होती. तिने लेझरचं नाव काढलं, तेव्हा अहिल्या म्हणाली होती, "आपल्या घरात असलं काही करत नाहीत." पहिली नोकरी लागल्यावर उत्तराने स्वतःच ते करून घेतलं होतं. घरी तिने नंतर सांगितलं, फोनवर, एका वाक्यात.

"मी अपॉइंटमेंट घेते," उत्तरा म्हणाली. "आधी फक्त समजून घेऊ. मग ठरव."

अपॉइंटमेंटपर्यंतच्या तीन दिवसांत अहिल्याने उत्तराच्या लॅपटॉपवर मिळेल ते वाचलं. सावळ्या त्वचेला कुठलं मशीन चालतं, किती वेळा जावं लागतं, आधी केस उपटायचे का नाहीत. वहीत वाकड्यातिकड्या अक्षरात प्रश्न लिहून काढले. कितीतरी महिन्यांनी ती काहीतरी होणार म्हणून वाट बघत होती.

क्लिनिकमध्ये डेनिस नावाची पन्नाशीची बाई होती. तिने घाई केली नाही. त्वचेचा रंग पाहिला, औषधांची यादी वाचली, अहिल्याचे प्रश्न एकेक करून ऐकले.

"लेझरला केस दिसतो तो त्याच्या काळ्या रंगामुळे," ती म्हणाली. "उष्णता त्या रंगात शिरते आणि मुळापर्यंत जाते. तुमच्या त्वचेची मला काळजी नाही, त्यासाठी वेगळं मशीन आहे आमच्याकडे." मग तिने भिंग लावलेला दिवा खाली ओढला. हनुवटी थरथरत होती, म्हणून दोन बोटांनी हलकेच धरली. उजवीकडून डावीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"हे जवळजवळ सगळे पांढरे आहेत."

"हो," अहिल्या म्हणाली. "आता झालेत."

"पांढऱ्या केसात रंगच नसतो. लेझरला तिथे काही दिसणार नाही. मी करूही शकते, पण उपयोग होणार नाही, आणि तुम्हाला फसवल्यासारखं होईल."

उत्तराने सुईने करतात त्या दुसऱ्या उपायाचं विचारलं, इलेक्ट्रॉलिसिसचं. डेनिसने मान हलवली. "तो पांढऱ्या केसांना चालतो. पण एकेका केसाच्या मुळाशी सुई घालावी लागते. हनुवटी अशी हलत असताना मी तरी घालणार नाही. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारून बघा." तिने दिवा वर ढकलला. "दहा वर्षांपूर्वी आला असतात, तर सोपं होतं."

गाडीत बसल्यावर उत्तराने इंजिन सुरूच केलं नाही.

"मी चौदा वर्षांची होते, आई. रडत होते. तुला सगळं माहीत होतं यार, रोज सकाळी तू स्वतः तेच करत होतीस. तेव्हा दोघी गेलो असतो ना!"

"मला लाज वाटली," अहिल्या म्हणाली.

"माझी?"

"नाही गं. तुझ्याबरोबर गेले असते तर माझंही कळलं असतं."

उत्तराने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि रडू लागली. अहिल्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तो इतका थरथरत होता की तिने काढून घेतला.

जाण्याआधी उत्तराने एक छोटा ट्रिमर आणून दिला. "नुसता फिरवायचा, लागत नाही."

"म्हणजे रोज दाढी करायची मी," अहिल्या म्हणाली.

ती गेल्यावर चार दिवस अहिल्याने तो वापरला. वरवर साफ दिसायचं, पण संध्याकाळी बोट फिरवलं की खुंट लागायचे, तिच्या वडिलांच्या गालाला लागायचे तसे. पाचव्या दिवशी तिने ट्रिमर ठेवून दिला आणि प्रल्हादला हाक मारली.

"अहो, जरा इकडे येता? चष्मा घेऊन या."

तिने त्याच्या हातात चिमटा दिला आणि सगळं सांगितलं, एका दमात, आरशाकडे बघत. तो ऐकत राहिला. मग खुर्ची ओढून समोर बसला आणि खरोखर प्रयत्न करू लागला. पांढरे केस त्याला नीट दिसेनात. हनुवटी स्थिर राहीना. एक निघाला, दुसऱ्याच्या वेळी कातडी ओढली गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं बघून त्याने चिमटा खाली ठेवला.

"सोड ना, अहिल्या," तो अगदी मायेने म्हणाला. "आता कोण बघतंय तुझ्याकडे?"

तिला समजावण्यासाठीच तो बोलला होता, हे तिला कळत होतं. ती "बरं" म्हणाली.

गणपतीला मंडळाच्या कार्यक्रमाला तो एकटाच गेला. तिला बरं नाही, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. तेही खरंच होतं. दुपारी बेल वाजली. पलीकडच्या गल्लीतली चैत्राली दारात उभी होती, हातात प्रसादाचा डबा. "अहिल्यामावशी, आहात ना घरात?" तिने दोनदा हाक मारली. अहिल्या सोफ्यावर ओढणी हनुवटीवर धरून बसली होती, दारापासून दहा पावलांवर. ती हलली नाही. थोड्या वेळाने चैत्रालीने डबा पायरीवर ठेवल्याचा आवाज आला, मग गाडी सुरू झाल्याचा.

प्रल्हाद संध्याकाळी परतला, तेव्हा डबा बाहेरच होता आणि मोदकांना मुंग्या लागल्या होत्या.