तीन चकत्या

माझ्या थोरल्या भावाच्या गाडीतला आवाज मी अकरा मिनिटांत शोधला होता, आणि त्याचा मला आजही राग येतो. तो सापडला नसता तर फार बरं झालं असतं. मी हात टेकले असते, "दादा, मला काही कळत नाही बुवा," असं म्हटलं असतं, आणि कुणाच्या तरी डोक्यात वेगळा विचार आला असता.

गाडी आमच्या वडिलांची. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, अंगाने जड, पॉवर स्टिअरिंगचं नावही न ऐकलेली. वडील गेल्यावर गॅरेज माझ्याकडे आलं आणि गाडी दादाकडे. तो शाळेत भूगोल शिकवायचा. रोज त्याच गाडीने जायचा आणि तिला जरा खुट्ट झालं की माझ्या दारात आणून उभी करायचा.

मार्चमध्ये आला तो तक्रार घेऊनच. "वळताना खालून कटकट वाजतंय. आणि डावीकडे ओढतेय रे. जरा सैल सोडली की निघाली फुटपाथला भेटायला."

मी त्याला स्टिअरिंगवर बसवलं, ते थोडं थोडं दोन्हीकडे हलवत राहायला सांगितलं आणि गाडीखाली शिरलो. खाली एकेका सांध्यावर तळहात ठेवत जायचं. कानाआधी हाताला कळतं. उजवं चाक वळवणाऱ्या टाय रॉडच्या टोकाशी हाताला ठोका लागला. सांधा पार झिजला होता.

"सापडली का नाडी, वैद्यबुवा?" वरून दादाचा आवाज.

"सापडली. तू गप्प बस आणि हलव."

नवा सांधा बसवला, कटकट बंद झाली. ओढ मात्र तशीच. मग मी हट्टाला पेटलो. टायरमधली हवा तपासली. पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहिले. चाकं उचलून हाताने फिरवली, ब्रेक कुठे घासत नव्हता. दोरी ताणून चाकांची रेषा पाहिली. सगळं जिथल्या तिथे. शेवटी स्वतःच चालवायला घेतली. कारखान्यामागच्या सपाट रस्त्यावर मी दोन्ही हात मांडीवर ठेवले, तर गाडी सुतासारखी सरळ. परत दादाला बसवलं आणि मी शेजारी बसलो. शंभर पावलंही गेली नसतील, गाडी डावीकडे.

गाडी तीच, रस्ता तोच, बदलला होता फक्त चालवणारा. एवढं मला कळलं. पुढचं कळायला जी अक्कल लागते ती नव्हती. दादाचा डावा हात स्टिअरिंगवर ओल्या टॉवेलसारखा लोंबत होता, त्याच्या वजनानेच ते डावीकडे फिरत होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, ऐटीत बसलाय. "पन्नाशी उलटल्यावर हिरोगिरी सुचतेय का?" असं बोललोही. तो हसला.

वडिलांची शिकवण होती की गाडी मालकाच्या हाताला बसवून द्यायची. कुणाचा पाय जड असतो, कुणाचा हात. त्याप्रमाणे क्लच, ब्रेक, चाकं केसभर इकडेतिकडे करायची, एक खांदा उतरलेल्या माणसाचा कोट शिंपी बेततो तसं. आमच्याकडे लोक लांबून यायचे ते त्यासाठीच. मी पुढचं उजवं चाक धरून ठेवणाऱ्या आर्ममागच्या दोन पातळ पोलादी चकत्या काढल्या. चाक किंचित कललं, गाडी उजवीकडे ओढू लागली आणि दादाच्या हाताखाली अगदी सरळ धावली.

"मानलं तुला," तो म्हणाला. मी फुगलो. खोटं कशाला बोलू, आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

मेमध्ये तो परत आला. पुन्हा डावीकडे. या वेळी मी काहीसुद्धा तपासलं नाही. आणखी एक चकती काढली आणि त्याला चहा पाजून पाठवून दिलं.

ऑक्टोबरात वर्गात नकाशा टांगताना दादा कोसळला. मेंदूत उजव्या बाजूला गाठ होती. त्यामुळेच त्याचं डावं अंग महिन्यामहिन्याने लुळं पडत गेलं होतं. "सहा महिन्यांपूर्वी आणलं असतंत तर काढता आली असती," डॉक्टर म्हणाले. "आता फार पसरलीय. आधी काहीच जाणवलं नाही का?"

"नाही हो," वहिनी रडत म्हणाली. "कालपर्यंत गाडी स्वतः चालवत होते. अगदी सरळ."

मी तिच्या शेजारीच उभा होतो. तो लोंबणारा हात तेव्हा मला दिसला, सात महिन्यांनी. मी ते कुणालाच सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि पुढचे तीन आठवडेही नाही. मी भित्रा आहे, दुसरं काही नाही.

मग एका सकाळी वहिनीच गाडी घेऊन गॅरेजात आली. हॉस्पिटलच्या खेपा आता तीच करत होती.

"भाऊजी, ही उजवीकडे ओढते हो. दोनदा दुभाजकावर जाता जाता वाचले. हे म्हणतात, तुम्ही तर नीट करून दिली होती."

"बघतो," मी म्हणालो.

काढलेला प्रत्येक भाग कागदात गुंडाळून त्यावर तारीख आणि कारण लिहायचं, ही वडिलांची दुसरी शिकवण. फळीवरच्या डब्यात त्या दोन पुड्या होत्या. मी चकत्या घेतल्या, कागद बाकावर टाकले आणि गाडीखाली गेलो. तिन्ही चकत्या जागी बसवून बाहेर आलो तर वहिनीच्या हातात ते कागद होते.

"दादा. डावीकडे ओढ. दोन चकत्या काढल्या. अकरा मार्च," तिने वाचलं. मग दुसरा. "दादा. पुन्हा डावीकडे. वीस मे." तिने माझ्याकडे पाहिलं. "तेव्हा गाडी डावीकडे ओढत होती?"

"गाडी नाही, वहिनी."

तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून मागे मागे सरकत होता, सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै. सहाव्या पेरावर तो थांबला आणि मग आणखी एक पेर पुढे गेला, मार्चवर. मला वाटलं, आता ही मला मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

तिने कागदांच्या घड्या करून पर्समध्ये ठेवल्या.

"यांना सांगू नका," ती म्हणाली. "तुमच्या हाताचं फार कौतुक आहे त्यांना."

संध्याकाळी मी हॉस्पिटलात गेलो. दादाने उजव्या हाताने माझं मनगट धरलं. त्याचं बोलणं आता जड झालं होतं.

"काय झालं होतं रे गाडीला?"

"सांधा," मी म्हणालो. "झिजला होता."

"तुझ्या हातून काही सुटत नाही बघ," तो म्हणाला, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही त्याने ते सांगितलं.